लिंबात जाणारं मूल

आता माझ्यानं गुडघे टेकवत नाहीत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचे तरुण फादर घरी येतात, खुर्ची ओढून माझ्या खाटेजवळ बसतात, कान पुढे करतात आणि विचारतात, "बोला आजी, काय पापं केलीत?" या वयात कसली पापं करणार, बाबा? सुनेवर चिडले. प्रार्थनेत झोपले. शेजारीण कशी चालते त्याची नक्कल करून दाखवली. दर महिन्याला हीच तीन. ते हसू दाबतात, क्षमा देतात, कम्युनियनची पवित्र भाकर देतात, चहा पितात आणि सायकलवर बसून जातात.

चौथं एक आहे. ते मी त्यांना सांगत नाही. त्यांच्या आधीच्या फादरना सांगितलं नाही, त्यांच्या आधीच्यांनाही नाही. आज लिहून काढते. लिहिलं म्हणजे कबुली होत नाही हे मला ठाऊक आहे. मिशनच्या मास्तरची मुलगी आहे मी, मला कोणी शिकवू नये.

माझे वडील नगरकडच्या एका खेड्यात मिशनची शाळा चालवायचे आणि त्याच शाळेत संध्याकाळी धर्माची प्रश्नोत्तरी शिकवायचे. प्रश्न त्यांनी विचारायचा, उत्तर आम्ही एका सुरात द्यायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पट्टी. त्यामुळे देव कोण, देवाने आपल्याला का निर्माण केलं, बाप्तिस्मा म्हणजे काय, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पुढे लग्न झालं ते रेल्वेतल्या सांधेवाल्याशी. गाडीसाठी रूळ बदलून द्यायचे, हे ह्यांचं काम. माणूस सरळ, कष्टाळू आणि धर्माच्या बाबतीत माझ्या वडिलांपेक्षा कडक. घरच्या पट्टीतून सुटले आणि दुसऱ्या पट्टीखाली आले, झालं.

ह्यांची बदली नंदुरबारला झाली, ती स्वातंत्र्याच्या दहाएक वर्षं आधी. क्वार्टर मिळालं नाही, म्हणून स्टेशनमागे एक खोली भाड्यानं घेतली. त्या अख्ख्या गावात कॅथलिक घर आमचं एकच. चर्च नाही, घंटा नाही, सिस्टर नाहीत. भिंतीवर पवित्र मातेचं चित्र, त्याखाली क्रूस, आणि क्रूसाखाली आम्ही दोघं. फादर तीन महिन्यांतून एकदा भुसावळकडच्या गाडीनं यायचे, आमच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करायचे आणि उलट्या गाडीनं जायचे. मधल्या तीन महिन्यांत त्यांचं एखादं कार्ड यायचं: प्रार्थना सोडू नका. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

प्रार्थना आम्ही सोडली नाही. पण कशी करायचो ते देवालाच ठाऊक. हे बारा तासांची ड्युटी करून यायचे, हातपाय धुवायचे आणि दिवा लागला की जपमाळ काढायचे. हे पहिला अर्धा भाग म्हणायचे, मी दुसरा. 'नमो मारिया' पन्नास वेळा. तिसऱ्या दशकात, म्हणजे तिसऱ्या दहा मण्यांत, माझी मान खाली जायची. ओठ चालू, आणि डोळ्यांसमोर अंधार. ह्यांनी खाकरलं की मी दचकून पुढचं म्हणायची, आणि पुष्कळदा चुकीचंच म्हणायची. पाण्यासाठी दोन फर्लांग चालणं, जळण गोळा करणं, ह्यांच्या तेलकट कपड्यांशी झटणं, हे सगळं करून पन्नास वेळा शुद्धीत राहायचं म्हणजे गंमत नव्हती. खरं सांगते, त्या दिवसांत देवाविषयी माझ्या मनात प्रेम कमी आणि थकवा जास्त होता.

आमच्या खोलीला लागून पिंजाऱ्याचं घर. मधली भिंत अशी की तिकडे कोणी शिंकलं तर इकडे आपण 'जिवंत राहा' म्हणावं. दिवसभर कापूस पिंजायच्या तातीचा आवाज यायचा, टणण् टणण्. त्या घरातली म्हातारी गावात सुईणपण करायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणायची. मुसलमान बाई, पाच वेळा नमाज पढणारी, पण बोलणं इथल्या पाटलिणीसारखं तोंडभरून अहिराणी. पहिल्या दिवशी भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय वं पोरी, आठे एकलीच शे का?" मी नगरची; 'आठे' म्हणजे इथे आणि 'शे' म्हणजे आहे, हे मला कुठलं ठाऊक! आधी वाटलं ही माझ्याकडे शेण मागते आहे.

आमची दोघींची भांडणंही शुक्रवारची आणि माया पण शुक्रवारची. तिचा शुक्रवार म्हणजे जुम्मा, घरात मटण शिजायचं. माझा शुक्रवार म्हणजे प्रभूच्या मरणाचा दिवस, मटण वर्ज्य. दर शुक्रवारी भिंतीवरून वाटी यायची आणि दर शुक्रवारी मी ती झाकून ठेवायची. शनिवारी उघडावी तर उन्हाळ्यात आंबलेली. वास सहन होईना म्हणून एकदा तिला सांगून टाकलं. ती भडकली. "तुन्हा देवले मन्हं मटणच कसं दिखस?" पण पुढच्या आठवड्यापासून वाटी गुरुवारी यायला लागली. माझ्यासाठी तिच्या घरात गुरुवारी चूल वेगळी पेटायची, हे मला फार उशिरा कळलं.

मिस्साच्या आदल्या मध्यरात्रीपासून कम्युनियन घेईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा तेव्हा नियम होता. मिस्सा सकाळी सातला असेल तर ठीक. पण आमची मिस्सा गाडीच्या हातात. एकदा गाडी पाच तास उशिरा आली. मी पहिलटकरीण, चौथा महिना, घशाला कोरड पडलेली, आणि हे म्हणतात, "थोडं सोस, फादर येतीलच." मावशी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आमना रोजा सूर्य बुडना का सुटस. तुमना रोजा टेसनमास्तरना हातमा शे का?" मी हसले. ह्यांना राग आला. त्यानंतर मावशी आमच्या दारात आली की हे उठून बाहेर जायचे.

आता मुद्द्याकडे येते.

सहावा महिना लागला तेव्हा फादरचं कार्ड आलं. त्यात ह्यावेळी काम होतं. लिहिलं होतं की तुमच्याकडे कॅथलिक बाई नाही, तेव्हा जी सुईण येणार असेल तिला बाप्तिस्मा द्यायला शिकवून ठेवा. मूल अशक्त निघालं तर वेळ हातात राहत नाही. हे मला नवीन नव्हतं. आमच्या प्रश्नोत्तरीतच आहे: मरणाच्या प्रसंगी बाप्तिस्मा कोण देऊ शकतं? कोणीही. हिंदू असो, मुसलमान असो, बाई असो. डोक्यावर पाणी ओतायचं, ओततानाच नेमके शब्द म्हणायचे, आणि मनात हेतू ख्रिस्तसभेचाच धरायचा. हेही त्यातच आहे: शब्द बदलले तर बाप्तिस्मा होतो का? होत नाही.

म्हणून मी मावशीला शिकवायला बसले. ती अंगणात सरकी निवडत बसायची, मी तिच्यासमोर पाय पसरून. माझे पाय सुजलेले, कंबर मोडलेली. "मावशी, म्हणा, मी तुला बाप्तिस्मा देते." तिची जीभ बाप्तिस्म्यावर अडखळायची. बापतिमा, बापसिमा, काय काय म्हणायची. शेवटी म्हटलं, ऱ्हाऊ द्या, 'मी तुला धुते' म्हणा. बाप्तिस्मा म्हणजे धुणंच, असं वडील सांगायचे. ते तिला पटलं. "मंग पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." ती माना डोलवायची. "माले म्हाईत शे. तुम्ही रोज म्हनतस, मी रोज आयकस." आणि मग बोटं सरकीत घालून काहीतरी पुटपुटायची. नीट, मोठ्यानं म्हणा, असं मी म्हणायला हवं होतं. वडील असते तर पट्टी बसली असती. पण मला झोप येत होती. म्हटलं, झालं, येतंय हिला.

तिनं एक मात्र विचारलं. "आनि हाई करं नही, तर पोऱ्याले काय व्हई?"

नगरच्या मिशनातल्या सिस्टर सांगायच्या की बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ नरकात जात नाही, पण देवाचं दर्शनही त्याला मिळत नाही. मधली एक जागा आहे, तिथं ते राहतं. त्या जागेला त्यांच्या भाषेत लिंबो म्हणतात. मी तेच सांगितलं. "लिंबोत जातं, मावशी."

"लिंबमा?" तिचे हात थांबले. तिनं मान वळवून आमच्या अंगणाबाहेरच्या लिंबाकडे पाहिलं. मोठं जुनं झाड होतं, रुळांच्या कुंपणाला टेकलेलं. कडुनिंबाला आमच्याकडे काय आणि तिकडे काय, लिंबच म्हणतात. पिंपळावर मुंजा असतो, चिंचेवर हडळ असते, तसं ख्रिश्चनांचं अर्भक लिंबावर जाऊन बसतं, असं तिच्या डोक्यात पक्कं झालं. मला कळलं की ती चुकली आहे. पण लिंबो म्हणजे काय, ते स्वर्ग आणि नरकाच्या मध्ये कसं, हे सगळं उलगडून सांगायचं त्राण कुणाला होतं? म्हटलं, "हो मावशी. लिंबात."

माझा आळस म्हणा, कंटाळा म्हणा, त्याची किंमत मी पुढं आयुष्यभर मोजली.

फाल्गुन उजाडला. आमचा चाळीस दिवसांचा उपासकाळ आणि लोकांची होळी, दोन्ही एकदमच. रुळांच्या गँगमधली डोंगराकडची माणसं काठी गावच्या मोठ्या होळीला निघून गेली होती, त्यांना अडवायची साहेबाचीही छाती नव्हती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. उरलेल्यांवर दुप्पट ड्युटी. हे सकाळी एक वेळचं जेवून सांध्यावर गेले ते संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. दुपारी पाण्याची घागर उतरवताना माझ्या पोटात कळ आली. आठवा नुकताच लागलेला. मी भिंतीवर थापा मारल्या. तिकडची तात थांबली.

मावशी आली, तिनं दार लावलं, पाणी तापत ठेवलं. त्यापुढचं मला सलग आठवत नाही. रक्त फार गेलं. मुलगा झाला हे मला कळलं, कारण मावशी "पोऱ्या शे, पोऱ्या शे" म्हणाली. त्याच्या रडण्याची मी वाट बघत राहिले. तिनं त्याला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट घालून साफ केलं. एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लाचा येतो तसा. मग तिचं ओरडणं ऐकू आलं, "लोटा कोठे शे? लोटा कोठे शे वं पोरी?" मला हात उचलून दाखवताही येईना. तिथून पुढे सगळं काळं झालं.

शुद्धीवर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशी भिंतीला टेकून बसली होती, तिच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं. ते हलत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "पानी टाकं मी. तो जित्ता व्हता तवय टाकं. म्हनं बी सगळं. लिंबमा नही गया तो. रडू नको, लिंबमा नही गया." एक मालगाडी येऊन निघून जाते तेवढाच वेळ तो जगला होता, असं तिनं नंतर सांगितलं. ती मालगाडी ह्यांनीच सोडली होती.

हे आले. बाळाला हातात घेतलं, कपाळावर क्रूस काढला. मग मला विचारलं, "शब्द काय म्हणाली?"

"मला शुद्ध नव्हती. मावशीला विचारा."

ह्यांनी तिला विचारलं नाही. "आपण ठरवणारे कोण? फादर येऊ देत. ते विचारतील, ते ठरवतील." रेल्वेच्या हद्दीत, लिंबाच्या पलीकडे, साहेबाच्या परवानगीनं खड्डा खणला. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाच्या मातीला आशीर्वाद देता येत नाही आणि त्यावर क्रूसही लावता येत नाही, असा तेव्हाचा कायदा. ह्यांनी रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाचा हातभर क्रूस केला, तासला, आणि तो खोलीत दाराआड उभा करून ठेवला. फादर येईपर्यंत तो तिथंच राहणार होता. मी दिवसातून वीस वेळा दार लावायची आणि वीस वेळा तो दिसायचा.

मी मावशीला विचारू शकले असते. भिंत ओलांडायची काय ती खोटी. दोन महिने मी विचारलं नाही. विचारलं आणि चुकलेलं निघालं तर? जोवर विचारलं नव्हतं तोवर निदान अर्धा तरी तो देवाजवळ होता. मला दुसरी कसलीच इच्छा उरली नव्हती. अंगात दूध आलं होतं, ते आटलं. ईस्टर आला आणि गेला. हे जपमाळ म्हणायचे, मी उत्तरं द्यायची, आणि तेव्हा मात्र मला झोप यायची नाही.

मावशी रोज सकाळी यायची. कण्यांची पातळ कण्हेरी आणायची, माझ्या पायांना तेल लावायची, आणि जाताना दारातून त्या झाडाकडे पाहून सांगायची, "मी देखी ऊनू. लिंबमा कोनीच नही." पहिल्यांदा तिनं असं म्हटलं तेव्हा मला तिचा इतका राग आला की वाटी फेकून मारावीशी वाटली. पुढे पुढे मी तिची वाट बघायला लागले. एखाद्या दिवशी ती सांगायची विसरली तर मीच विचारायची, "मावशी, पाहिलंत?"

वैशाखात फादर आले. गोरे होते, वयस्क, दाढी धुळीनं तांबडी झालेली. खानदेशात बारा-चौदा वर्षं काढली होती, पण मराठी बोलायचे ते पुस्तकातलं, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं. हे नेमके सांध्यावर होते. गाडी घेतल्याशिवाय त्यांना सुटता येत नव्हतं. फादरनी झग्याची धूळ झटकली, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "मी थकलो आहे, मुली. पण आधी ते काम करू. त्या बाईला बोलाव."

मावशी आली ती धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. उंबऱ्याशी बसली. तिला कुणी कधी असं साक्षीला बोलावलं नव्हतं. चेहऱ्यावर भीती होती आणि थोडी ऐटही होती. फादर विचारायचे, मी तिला समजावून सांगायची; ती बोलायची, मी फादरना शुद्ध मराठीत सांगायची.

"मूल जिवंत होते का?"

"व्हतं. मन्हा बोटले धरं त्यानी."

हे मला माहीत नव्हतं. त्यानं तिचं बोट धरलं होतं. मला ते सांगताना दोनदा थांबावं लागलं.

"पाणी कुठे ओतले?"

"टाळूवर. असं." तिनं हातानं करून दाखवलं, रिकाम्या हातातून पाणी सोडलं.

"मनात काय होते?"

हा प्रश्न मला भिववत होता. आता ही लिंबाचं सांगणार, झाडाचं, भुताखेताचं, आणि सगळं मुसळ केरात. मी तिला म्हटलं, "मावशी, पाणी टाकताना तुमच्या मनात काय होतं, ते फादर विचारतात." तिनं डोळे बारीक केले. "मन्हा मनमा काय ऱ्हाई? हिना देवले जे लागस, ते करनं व्हतं. माले बाकी काय समजस?"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. फादरनी मान हलवली, दोनदा. "पुरेसे आहे," ते म्हणाले. "याहून चांगले उत्तर मला सेमिनरीत कोणी दिले नाही." मग पिशवीतून काळी वही काढली, दौत उघडली. "आता शब्द. नेमके शब्द."

मी मावशीकडे वळले. ती सरसावून बसली, घसा साफ केला आणि शाळेतल्या पोरीसारखं मोठ्यानं म्हणाली:

"मी तुले धुवस, बापना नावे, पोऱ्याना नावे, आनि पवित्तर मायना नावे."

आणि 'माय' म्हणताना तिनं भिंतीवरच्या पवित्र मातेच्या चित्राकडे हात केला.

तिथंच मला सगळं कळलं. आत्मा तिला कधी ऐकूच आला नव्हता. भिंतीपलीकडून तिला ऐकू यायचं ते 'मा'. बाप झाला, मुलगा झाला, तिसरी आई असणारच की! घरात चित्र कुणाचं? आईचं. रोज संध्याकाळी पन्नास वेळा नाव कुणाचं? आईचं. त्या दुपारी तिच्या समोर रक्तात पडलेली कोण होती? आईच. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण प्रश्नोत्तरीत काय लिहिलंय? शब्द बदलले तर होतो का? होत नाही. वडिलांचा आवाज माझ्या कानात आला. आणि ही चूक तिची नव्हती, माझी होती. सरकी निवडत ती पुटपुटत होती आणि मी डुलक्या घेत होते.

"काय म्हणाली?" फादरनी विचारलं.

दाराआड क्रूस उभा होता. माझी त्याच्याकडे पाठ होती, पण मला तो दिसत होता.

मी म्हटलं, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

फादर माझ्याकडे बघत राहिले. मग मावशीकडे वळून म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा म्हणा." तिला वाटलं, त्यांना आवडलं. ती आधीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, बापना, पोऱ्याना, पवित्तर मायना. आणि पुन्हा चित्राकडे हात. फादरनी मला काही विचारलं नाही. टाक दौतीत बुडवला, ह्यांनी ठरवून ठेवलेलं नाव वहीत लिहिलं, त्यापुढे लिहिलं: प्राणसंकटात बाप्तिस्मा, सुईणीच्या हस्ते. वही वाळत ठेवली. म्हणाले, "चहा आहे का, मुली?"

चौदा वर्षं खानदेशात राहिलेल्या माणसाला 'माय' हा शब्द कळत नसेल? दूधवालीला, भाजीवालीला ते स्वतः 'माय' म्हणायचे, मी ऐकलं आहे. पण हा विचार मला किती तरी वर्षांनी सुचला, तोवर ते त्यांच्या देशी परत जाऊन वारलेही होते. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळत होतं की मी पाद्रीसमोर, पवित्र मातेच्या चित्राखाली, खोटं बोलले.

हे आले. फादर म्हणाले, "क्रूस आणा." ह्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी विसरणार नाही. या माणसाला मी दोन महिन्यांत रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तो हातभर क्रूस उराशी धरला आणि हमसून हमसून रडले. लिंबाखालून आम्ही चौघं गेलो. फादरनी पाणी शिंपडलं, लॅटिनमध्ये म्हटलं, ह्यांनी क्रूस ठोकला. मावशी कुंपणाशीच थांबली होती. ह्यांनी परत येताना तिच्यासमोर हात जोडले. नंतर ती आली तर हे कधी उठून बाहेर गेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? सगळे सुखी झाले. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण मी काही अडाणी नाही. वहीत नाव लिहिल्यानं टाळूवरचं पाणी बदलत नाही. तो कुठे आहे ते देवाला माहीत, आणि माझ्या खोट्यानं त्याला तिळमात्र उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो ह्यांना. पाच वर्षांनी आमची बदली झाली, मुली झाल्या, मुलगा झाला, सगळ्यांचे बाप्तिस्मे चर्चमध्ये, घंटा वाजवून झाले. हे गेले ते अगदी शांतपणे गेले. शेवटच्या दिवशी म्हणाले, "पहिला भेटेल मला आता." मी त्यांचा हात धरून 'हो' म्हटलं. तेही खोटंच.

नंदुरबार सोडलं त्या सकाळी मावशीनं शिदोरी बांधून दिली. शुक्रवार होता, आत मटण नव्हतं, भाकरी आणि ठेचा होता. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन तिनं विचारलं, "पोरी, मन्हं म्हननं बराबर व्हतं ना?"

"एकदम बरोबर होतं, मावशी."

हे मात्र मी पाप धरत नाही. कुणी कितीही सांगो.

राहिलं ते चौथं. ते सांगावं तर क्षमा मिळेल. पण क्षमा मागायची म्हणजे चूक झाली, पश्चात्ताप होतो, असं मनापासून म्हणावं लागतं, आणि मला पश्चात्ताप होत नाही. पुन्हा ती दुपार आली तर मी पुन्हा तेच सांगेन. मग खोटी कबुली देऊन काय करू? शिवाय तरुण फादर म्हणतील, आजी, आता तो लिंबो वगैरे कोणी फारसं मानत नाही, बाळं देवाच्या दयेवर सोपवतात. सोपवतात! चाळीस वर्षं आईनं रात्रंदिवस वाहिलं, आणि आता म्हणे कोणी फारसं मानत नाही. मी भांडेन त्यांच्याशी, आणि त्यांचा चहा राहील.

म्हणून माझं ठरलं आहे. वर जाईन तेव्हा दारातच विचारेन, माझा पहिला आत आहे का? आहे म्हणाले, तर गुडघ्यांनी साथ दिली नाही तरी लोटांगण घालीन. नाही म्हणाले, तर आत पाऊल टाकणार नाही. म्हणेन, मला लिंबात जाऊ द्या. मावशीलाही आत घेतलं नसणारच. ती त्या झाडाखाली मान वर करून उभी असेल आणि मला बघून म्हणेल, ये वं पोरी, शे, आठेच शे तो.